‘भडक’ निळा : एका शब्दाची तपासणी

आष्टी म्हटले की लोकांना बीड जिल्ह्यातली आष्टी आठवते, नाहीतर १९४२ च्या लढ्यातली वर्धा जिल्ह्यातली. माझी आष्टी परतूर तालुक्यातली. १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा आमचा तालुका परभणीतून निघून जालन्यात आला. गावाची ओळख अशी सांगावी लागते, याचे मला वाईट वाटत नाही. ज्यांच्या वस्तीची ओळखच गावाच्या कडेवरून सांगितली जात होती, त्यांना ही सवय असते.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहाराला रंग द्यायचा होता. तोपर्यंत दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी बायका चुन्यात निळीची पुडी कालवून पोतेऱ्याने भिंती सारवीत. या वेळी वर्गणी बऱ्यापैकी जमली होती. पेंटर शेडकार्ड घेऊन आला. त्या पुठ्ठ्यावर निळ्याच्याच वीस-बावीस चौकटी होत्या. पेंटर म्हणाला, “गुरुजी, कोणता धरायचा ते एकदा सांगा.” आमच्यातलाच एक शिकलेला तरुण, शहरात सजावटीचे काम करणारा, त्याने सर्वांत फिक्या चौकटीवर बोट ठेवले. म्हणाला, “हा घ्या. आपला नेहमीचा निळा फार भडक दिसतो, सर.”

तो शब्द मी तेव्हा ऐकून घेतला. रात्री मात्र तो डोक्यातून जाईना. भडक म्हणजे काय? कोणाच्या डोळ्यांना भडक? शब्द त्या मुलाचा नव्हता; त्याला तो कोणीतरी शिकवला होता. साहित्यात आम्हाला ‘प्रचारकी’, ‘आक्रस्ताळे’, ‘शिवराळ’ म्हणण्यात आले. भिंतीच्या बाबतीत त्याच भावंडांतला शब्द ‘भडक’. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तेव्हा त्याच्या भाषेवर ज्यांनी नाके मुरडली आणि आज आमच्या भिंतीवर जे नाक मुरडतात, त्यांची अभिरुची एकाच शाळेत घडलेली आहे. म्हणून या शब्दाची तपासणी करणे हे मी समीक्षेचेच काम मानतो.

१

निळा रंग मुळात या देशाचा आहे. ग्रीकांनी त्याला ‘इंडिकॉन’ म्हटले, म्हणजे हिंदची वस्तू. ‘इंडिगो’ हा शब्द त्यातूनच आला. आपला ‘नील’ अरबीतून पोर्तुगिजांकडे गेला आणि ‘अनिल’ झाला. आणि १८४० च्या सुमारास निळीपासून काढलेल्या एका द्रव्याला रसायनशास्त्रज्ञांनी ‘अनिलीन’ म्हटले. आधुनिक रंगांच्या कारखानदारीच्या मुळाशी आपल्या निळीचे नाव असे जाऊन बसले आहे.

पण नीळ करायची कशी? निळीच्या झाडाच्या पानात निळा रंग नसतो. पाने पाण्यात भिजत घालावी लागतात, ती आंबतात, पिवळसर हिरवे पाणी निघते. ते पाणी दुसऱ्या हौदात घेऊन तासन्‌तास बडवावे लागते. हवा लागली की निळा गाळ तळाशी बसतो. तो उकळून, दाबून त्याच्या वड्या पाडायच्या. या वड्या पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून कापड रंगवताना चुन्यासारखा क्षार घालून, गूळ किंवा दक्षिणेत टाकळ्याचे बी घालून, ते पुन्हा आंबवावे लागते. त्या हौदातून कापड बाहेर येते ते पिवळे-हिरवे. वारा लागला की डोळ्यांदेखत निळे होते. या हौदाला वास मारतो आणि रंगवणाऱ्याच्या हाताचा रंग जात नाही. आपल्याकडे या कामाची जात ठरलेली होती: निळारी, कुठे निराळी.

आता ग्रंथ काय म्हणतो ते पाहा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, ब्राह्मणाने अडचणीत वैश्याचा धंदा पत्करला तरी कोणते जिन्नस विकू नयेत याची यादी आहे. तीत दारू आणि लाख यांच्या शेजारी नीळ बसवलेली आहे. आणखी काही स्मृतींत निळीने रंगवलेले वस्त्र ब्राह्मणाने अंगावर घेतले तर त्याला उपवास आणि पंचगव्याचे प्रायश्चित्त सांगितले आहे. म्हणजे आम्ही ज्या रंगाखाली उभे राहतो तो रंग धर्मशास्त्राच्या हिशेबी विटाळाचा होता.

मात्र त्याच परंपरेत विष्णू निळा आहे, कृष्ण मेघासारखा निळा आहे, शंकराचा कंठ निळा आहे. देवाच्या कातडीवरचा निळा पवित्र आणि हौदातला निळा अपवित्र, हे कसे? माझे उत्तर असे की विटाळ रंगाला नव्हता, तो श्रमाला होता. देवाचा निळा कोणी हात बुडवून केलेला नाही. कापडाच्या निळ्यात आंबवणे आहे, वास आहे, रंगलेले कोपर आहेत. ज्या समाजरचनेने कातडे कमावणाऱ्याला दूर ठेवले आणि कातड्याचा मृदंग मात्र देवळात नेला, तिचाच हा न्याय आहे.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि त्याचा झेंडा निळा झाला. या दोन गोष्टींत मी कार्यकारणभाव जोडणार नाही. मनूने नीळ नाकारली म्हणून बाबासाहेबांनी निळा घेतला असे सांगणे आकर्षक आहे, पण पुराव्यावाचून ते सांगणे आपल्या चळवळीच्या शिस्तीत बसत नाही. कोणी आकाशाचा अर्थ सांगतो, कोणी समुद्राचा, कोणी १८८५ साली श्रीलंकेत तयार झालेल्या बौद्ध ध्वजातल्या पहिल्या निळ्या पट्ट्याचा. मला एवढेच नोंदवायचे आहे की ज्या रंगाला ग्रंथाने पायरीखाली ठेवले, तो रंग एका समाजाने काठीच्या टोकाला नेला. हेतू काहीही असो, घडले ते हे.

२

माझी स्वतःची निळ्याशी पहिली गाठ झेंड्यामुळे पडली नाही, गोष्टीमुळे पडली. १९७४ साली मी चौथीत होतो. शाळेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तशा शाळा पुष्कळ होत्या. माझ्याकडे एकच पांढरा सदरा होता. आजी तो धुऊन नीळ द्यायची. तिची नजर अधू झाली होती, नीळ नीट विरघळायची नाही आणि सदऱ्यावर निळे डाग पडायचे. त्या वर्षी वर्गात निळ्या कोल्ह्याची गोष्ट झाली. गोष्ट संपली, गुरुजींनी माझ्या सदऱ्याकडे पाहिले आणि हसून म्हणाले, “हा बघा आपल्या वर्गातला.” वर्ग हसला. पुढे वर्षभर मी ‘निळा कोल्हा’ होतो.

ती गोष्ट पंचतंत्रातली आहे, हितोपदेशातही आहे. चंडरव नावाचा कोल्हा भुकेने गावात येतो. कुत्री मागे लागतात. जीव वाचवायला तो परटाच्या घरातल्या निळीच्या पिंपात पडतो. बाहेर येतो तो निळा. रानातली जनावरे घाबरतात. तो सांगतो की मी ककुद्रुम, तुमचा राजा. सिंहाला प्रधान करतो, वाघ-चित्त्याला कामे वाटून देतो आणि आपल्या जातीच्या कोल्ह्यांना मात्र हाकलून देतो. एक दिवस दुरून कोल्हेकुई ऐकू येते. त्याच्या अंगावर काटा येतो, डोळ्यांत पाणी येते आणि तोही ओरडतो. जनावरे ओळखतात आणि त्याला फाडतात.

शाळेत तात्पर्य सांगितले गेले: खोटे फार दिवस टिकत नाही. पण गोष्ट नीट वाचली तर तिचे खरे तात्पर्य निराळे आहे. कोल्हा राजा म्हणून वाईट वागला म्हणून मारला जात नाही. त्याच्या राज्यात कारभार सुरळीत चाललेला आहे. तो मारला जातो तो कोल्हा निघाला म्हणून. सिंहाला राग राज्य गेल्याचा नाही, कोल्ह्याची चाकरी केल्याचा आहे. ही विटाळाची प्रतिक्रिया आहे. रंग बदलता येतो, आवाज बदलता येत नाही. आणि आवाज म्हणजे जन्म. जातीची इतकी नेमकी गोष्ट आम्हाला नीतिपाठ म्हणून शिकवली गेली आणि आम्ही ती पाठ केली.

कोल्ह्याचा एक गुन्हा मात्र मी मानतो. त्याने आपल्यांना हाकलले. पण गोष्ट सांगणाऱ्यालाही तो दिसतो, फक्त त्याचे दुःख निराळे आहे. आपल्यांना सोडू नये म्हणजे आपली पायरी सोडू नये, हा त्याचा उपदेश.

या गोष्टीला मराठीत उत्तर मिळाले ते १९६३ साली, बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत. बागुलांनी पंचतंत्र समोर ठेवून कथा लिहिली असे मी म्हणत नाही. पण रचना ताडून पाहा. एक माणूस नोकरीसाठी परक्या गावी जातो. तिथे जात लपवतो. त्याच्या बुद्धीचे, कवित्वाचे कौतुक होते. जात कळते आणि त्याला मारतात. प्रसंगांची साखळी तीच आहे. बदलली आहे ती कथा सांगणाऱ्याची जागा. पंचतंत्रात निवेदक सिंहाच्या बाजूला उभा आहे. बागुलांकडे निवेदक मार खाणाराच आहे. त्यामुळे जुन्या गोष्टीत जी ‘फसवणूक’ होती तिचा बागुलांकडे आरोपच फिरतो. चोरी कोणी केली? ज्याने जात लपवली त्याने, की ज्यांनी त्याला लपवायला लावली त्यांनी? दलित साहित्याने मराठीला काय दिले, असे कोणी विचारले तर मी हे दाखवीन: गोष्ट तीच, पण सांगणारा पिंपाच्या आतला.

आणि आता झेंड्याचा निळा पाहा. कोल्ह्याचा निळा लपण्याचा होता. वस्तीचा निळा दाखवण्याचा आहे. चौकात निळा झेंडा लावणारा माणूस सांगत असतो की मी कोण ते ओरडून पाहण्याची गरज नाही, मी सांगतोच आहे. ‘भडक’ हा शब्द नेमका इथे येतो. लपणाऱ्या रंगाला कोणी भडक म्हणत नाही.

३

निळीचा इतिहास सांगताना बंगाल आणि चंपारण टाळता येत नाही. बंगालात १८५९-६० साली रयतेने नीळ पेरायचे नाकारले. १८६० साली दीनबंधू मित्रांचे ‘नीलदर्पण’ आले, आणि त्याच्या इंग्रजी भाषांतराबद्दल १८६१ साली रेव्हरंड जेम्स लाँग यांना एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. चंपारणात वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातले तीन कठ्ठे मळेवाल्यासाठी निळीला देण्याची सक्ती होती. १९१७ चा सत्याग्रह त्यावर झाला. तोवर जर्मनीत बायरने निळीची घटना उलगडली होती आणि १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात येऊन मळे मोडकळीस आणत होती. इतिहासात मळेवाला आहे, रयत आहे, पुढारी आहे. कंबरभर पाण्यात उभे राहून हौद बडवणारे, छोटा नागपूरकडून आणलेले आदिवासी मजूर मात्र तळटीपेत आहेत. निळा रंग ज्यांच्या अंगाला लागला त्यांची कथा लिहायची राहिलीच आहे.

आमच्या भिंतीवरची नीळ मात्र ही नव्हे. धुलाईची नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. मुळात हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड कुटून मिळे. आमच्या मराठवाड्याच्या उशाला अजिंठा आहे. तिथले तांबडे, पिवळे, हिरवे रंग मातीतून आले. पाचव्या शतकातल्या लेण्यांतला निळा त्या दगडातून, शेकडो कोस ओलांडून आला. पुढे १८२६-२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून तोच रंग कृत्रिम रीतीने तयार झाला आणि जो दगड सोन्याच्या तोलाचा होता त्याची पुडी झाली. ती पुडी माझ्या आजीच्या हातात आली.

आता भिंतीचे शास्त्र बघा. दुसरा एक गडद निळा, १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळा, चुन्यात टिकत नाही. क्षाराने तो मरतो. इंजिनियरांच्या जुन्या निळ्या नकाशांत तोच रंग असे, कागदावर तो चालतो. अल्ट्रामरीन आम्लाने उडतो, पण चुन्यात तग धरतो. म्हणजे वस्तीतल्या बायकांनी चुन्यासाठी निवडलेली पुडी कोणत्याही रंगतज्ज्ञाने निवडली असती तीच होती. अनुभवाने आलेल्या या ज्ञानाला आपण ज्ञान म्हणत नाही. ते ‘भडक’मध्ये टाकून मोकळे होतो.

त्याच पुडीची दुसरी गोष्ट पॅरिसमधली. यीव्ह क्लाइन नावाच्या चित्रकाराने हीच कृत्रिम अल्ट्रामरीन भुकटी घेतली, तिची झळाळी मंद होऊ न देणाऱ्या राळेत कालवली आणि १९६० साली त्या कृतीची आपल्या नावे नोंद केली. संपूर्ण फलक एकाच निळ्याने भरायचा, दुसरे काही नाही. जगातल्या संग्रहालयांत ते फलक लावलेले आहेत आणि लोक त्यांपुढे गंभीर होऊन उभे राहतात. मला त्या चित्रकाराचा मत्सर नाही. त्याचे डोळे चांगले होते. पण प्रश्न विचारावा लागतो. तीच भुकटी, तोच भरगच्च एकरंगी पृष्ठभाग. पॅरिसच्या भिंतीवर तो गहन आणि आष्टीच्या भिंतीवर भडक, तर फरक रंगात नाही. फरक भिंत कोणाची यात आहे. क्लाइनच्या निळ्याला मालक आहे, म्हणून किंमत आहे. आमच्या निळ्याला मालक नाही. तो सगळ्यांचा आहे, म्हणून त्याची किंमत करायला कोणी येत नाही.

४

ही झाली बाहेरच्यांची तपासणी. ती इथेच संपवली तर मी अप्रामाणिक ठरेन.

बाबासाहेबांची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत. १९६७ साली संसदेच्या आवारात ब. वि. वाघ यांनी घडवलेला पुतळा बसला, तो ब्राँझचा, धातूच्या रंगाचा. कोटाला निळा रंग दिला तो गावोगावच्या पेंटरांनी, कॅलेंडरवाल्यांनी, सिमेंटचे पुतळे करणाऱ्यांनी. त्यांच्या नावांची नोंद कुठे नाही. हातातले संविधान, उंचावलेले बोट आणि निळा कोट, इतक्या कमी खुणांत दुरून ओळखता येणारी प्रतिमा या कारागिरांनी उभी केली. रचनेचे शिक्षण देणाऱ्या संस्थांत हे शिकवले गेले पाहिजे. २२ जुलै १९४७ रोजी संविधानसभेने स्वीकारलेल्या राष्ट्रध्वजाच्या मधोमध अशोकचक्र निळेच आहे. पण चौकातल्या निळ्याला देशाचा रंग म्हणायला अजून कोणी धजत नाही.

पण आमच्या चौकांत आज काय दिसते? निळा फ्लेक्स. त्यावर कोपऱ्यात बाबासाहेब पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि मधोमध पंचवीस-तीस इच्छुकांचे चेहरे. एका गटाचा निळा थोडा गडद, दुसऱ्याचा थोडा उजळ, आणि या छटांवरून भांडणे. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या तेव्हा निळा असणे म्हणजे जोखीम होती. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत लोकांनी ती घेतली. आज अनेक ठिकाणी निळ्यात जोखीम उरलेली नाही, फक्त ओळख उरली आहे. ओळख वाईट नाही. पण रंग लावला की काम झाले असे वाटू लागले, तर कोल्ह्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? त्यानेही रंग चढताच आपल्यांना हाकलले होते. वस्तीतून शिकून निघालेला आणि मागे वळून ‘भडक’ म्हणणारा तरुण, आणि फ्लेक्सवर चमकून वस्तीच्या नळाचा प्रश्न विसरणारा पुढारी, हे दोघे मला ककुद्रुमाच्या दरबारात शेजारी बसलेले दिसतात. मीही तिथे काही वर्षे बसलो होतो. नोकरी लागल्यावर मी बरीच वर्षे निळे काही घातले नाही. चौथीतला वर्ग माझ्या मागे मागे येत होता.

आजी अक्षरशत्रू होती. १९५६ नंतर आमच्याकडे धम्मदीक्षेचा कार्यक्रम झाला तेव्हा तिने पांढरे लुगडे नेसले होते, आणि ते आदल्या रात्री निळीच्या पाण्यातून काढले होते. मी तिला एकदा रागाने विचारले होते की सदऱ्याला नीळ देतेस कशाला. ती म्हणाली, “लेकरा, नीळ देल्याबिगर पांढरं पांढरं दिसत न्हाई. पिवळंच दिसतं.” पुढे कळले की शास्त्र तेच सांगते: जुन्या कापडाला आलेला पिवळेपणा निळी छटा मारते आणि डोळ्याला पांढरे दिसते. माझ्या सदऱ्यावरचे डाग हे तिच्या अधू डोळ्यांचे होते. त्यांची लाज मला वाटली, तिच्या डोळ्यांसाठी औषध आणायचे मला सुचले नाही. या लेखात कबूल करण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे.

विहाराच्या रंगाचा निर्णय बैठकीत झाला. मी बोललो ते थोडक्यात, वर लिहिले त्यातले निम्मेही नाही. त्या तरुणाने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “सर, रंग गडदच घ्या, पण तो दुकानातला घेतला तर बायकांच्या हाताचे काम जाईल, त्याचे काय?” हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो त्याला सुचला. बायकांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की बाहेरच्या भिंतीला दुकानातला टिकाऊ रंग द्या, पाऊस फार लागतो. आतली भिंत आम्ही आमच्या चुन्या-निळीनेच सारवू. तसे ठरले. वाचलेल्या वर्गणीतून विहारात मुलांच्या अभ्यासासाठी दोन कपाटे आली. त्यांत मी बागुलांचे पुस्तक ठेवले आहे आणि पंचतंत्रही ठेवले आहे. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ वाचा, असे मी मुलांना सांगतो.